वेगाची वेसण

१९७५ साली अमेरिकेत विक्रीला असलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या मूळ इंजिनाची क्षमता होती ५.७ लिटर आणि ताकद अवघी १६५ अश्वशक्ती. म्हणजे लिटरमागे जेमतेम २९. नाकाडाचा लांब उतार, रुंद चाके, फुगीर चाकझाकणे असा सगळा थाट होता, पण आतले इंजिन धापा टाकत होते. २०२३ च्या मॉडेल वर्षात त्याच घराण्यातली झेड-०६ ही कॉर्व्हेट आली. तिचे इंजिन थोडे लहानच, ५.५ लिटरचे. टर्बो नाही, सुपरचार्जर नाही. ताकद मात्र ६७० अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे सुमारे १२२. शिवाय तिच्या धुराड्यातून बाहेर पडणारा धूर १९७५ च्या गाडीपेक्षा कितीतरी स्वच्छ.

हा फरक केवळ इलेक्ट्रॉनिक्सने घडवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, हलके धातू, काटेकोर यंत्रकाम, चांगली तेले या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण ही सारी सामग्री एकत्र नांदवणारे, प्रत्येक क्षणी तिला तिच्या मर्यादेपर्यंत नेणारे आणि मर्यादेच्या आत ठेवणारे जे आहे, ते म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक. आणि या संगणकाचा इतिहास पाहू लागले की एक विसंगती समोर येते. वेगवेड्यांनी त्याला जन्म दिला नाही. तो मोटारीत आला तो मुख्यतः धुराच्या कायद्यामुळे. ज्या कायद्याने स्पोर्ट्स कारचा गळा घोटला अशी तक्रार सत्तरच्या दशकात सर्वत्र होती, त्याच कायद्याने पुढे तिला पूर्वी कधी नव्हती एवढी ताकद मिळवून दिली. बैलाला वेसण घालतात ती त्याचे बळ कमी करण्यासाठी नव्हे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मोटार उद्योगाला ते समजायला वीस वर्षे लागली. मात्र वेसण आली की ती कुणाच्या हातात, हा प्रश्नही येतो. या इतिहासाचा उत्तरार्ध त्या प्रश्नाचा आहे.

कानाने लावलेले इंजिन

पेट्रोलच्या इंजिनाची गरज वरकरणी साधी आहे. योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, आणि योग्य क्षणी ठिणगी. पेट्रोल पूर्ण जळायचे तर वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल जास्त झाले तर प्लग काळे पडतात, धूर येतो. कमी झाले तर इंजिन तापते, अडखळते. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागते, गरम झालेल्याला कमी. घाट चढताना एक गरज, सपाटीवर दुसरी. समुद्रकाठी हवा दाट, डोंगरावर विरळ.

ठिणगीचा प्रश्न याहून नाजूक. मिनिटाला ६००० फेरे घेणारे इंजिन सेकंदाला १०० वेळा फिरते. प्रत्येक सिलिंडरला दर दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी लागते, म्हणजे सहा सिलिंडरच्या इंजिनाला सेकंदाला ३०० ठिणग्या. दट्ट्या वरून खाली यायला लागणारा वेळ सेकंदाचा दोनशेवा भाग. मिश्रण पेटून त्याचा दाब वाढायलाही काही काळ लागतो, म्हणून ठिणगी दट्ट्या वर पोहोचण्याआधीच पडावी लागते. किती आधी, हे वेगाप्रमाणे आणि भाराप्रमाणे सतत बदलते.

हा सगळा हिशेब अनेक दशके दोन यांत्रिक साधनांवर सोपवलेला होता. पहिले कार्बोरेटर. विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये फवारा कार्बोरेटर तयार केला. त्याचे तत्त्व असे की अरुंद नळीतून हवा वेगाने गेली की तिथला दाब कमी होतो आणि त्या ओढीने बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल खेचले जाते. हवा जास्त तर पेट्रोलही जास्त. दुसरे साधन डिस्ट्रिब्यूटर. त्यातली वजने वेग वाढला की बाहेर फेकली जात आणि ठिणगीची वेळ पुढे सरकवत. यात कुठेही मोजमाप नाही. केवळ हवेची ओढ, स्प्रिंगचा ताण आणि वजनाची फेक.

या साधनांना जुळवून घेणारा तिसरा घटक होता माणूस. जेट किती क्रमांकाचे, स्क्रू किती वळसे, पॉइंटमधली फट किती, हे मेकॅनिक कानाने आणि नाकाने ठरवी. इटलीतल्या वेबर कार्बोरेटरांची बारा नळकांडी एका सुरात आणणारे कारागीर फेरारीच्या मालकांना देवासारखे वाटत. पण कितीही निष्णात हातांनी लावलेले इंजिन शेवटी एका ठरावीक दिवसाच्या, ठरावीक हवेच्या आणि ठरावीक पेट्रोलच्या मापाने लावलेले असे. परिस्थिती बदलली की जुळणी बिघडे. म्हणून निर्माते सुरक्षित अंतर ठेवत. ठिणगी थोडी उशिरा, पेट्रोल थोडे जास्त. बरीच ताकद या खबरदारीतच अडकून पडलेली असे.

विमानातून मोटारीत

कार्बोरेटरची मर्यादा सर्वांत जीवघेण्या रीतीने उघड झाली ती आकाशात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते आणि त्याला कार्बोरेटर होता. वैमानिकाने नाक एकदम खाली दाबून सूर मारला की कार्बोरेटरच्या तरंगत्या गोळ्याच्या टाकीतले पेट्रोल वर उसळे आणि इंजिन क्षणभर बंद पडे. जर्मन मेसरश्मिट १०९ च्या डेम्लर-बेन्झ इंजिनात पेट्रोल पंपाने थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. त्याला उलटेसुलटे सारखेच. पाठलाग टाळायचा तर जर्मन वैमानिक सरळ खाली सूर मारत.

ब्रिटिशांकडे यावर तात्पुरता उतारा शोधला तो बिएट्रिस शिलिंग या अभियंता स्त्रीने. फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत काम करणाऱ्या शिलिंग स्वतः ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने मोटारसायकल हाकलेल्या होत्या. पेट्रोलचा प्रवाह नेमका तेवढाच राहील असे छिद्र असलेली पितळेची एक छोटी चकती त्यांनी तयार केली. १९४१ मध्ये ती लढाऊ तुकड्यांच्या विमानांना बसवण्यात आली. कार्बोरेटर अगदीच टाकाऊ होता असेही नाही. त्यातल्या पेट्रोलच्या बाष्पीभवनाने आत जाणारी हवा थंड होई आणि ताकद वाढे, हा ब्रिटिशांचा युक्तिवाद खरा होता. पण पेट्रोल ओढीने आणण्यापेक्षा मोजून द्यावे, हा धडा जर्मन अभियंत्यांनी युद्धानंतरही विसरला नाही.

विमानांच्या इंजेक्शनवर काम केलेले हान्स शेरेनबर्ग युद्धानंतर काही काळ गुटब्रोड या लहान कंपनीत होते. तिथे छोट्या टू-स्ट्रोक मोटारीसाठी पेट्रोल इंजेक्शन तयार झाले. ते डेम्लर-बेन्झमध्ये परतले. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेन्झ ३०० एसएल ही पंखांसारखी वर उघडणाऱ्या दारांची गाडी अवतरली. तीन लिटरच्या तिच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात बॉशचा यांत्रिक पंप थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारत होता. १९५२ च्या शर्यतीतल्या पूर्वजाला तीन कार्बोरेटर होते आणि ताकद १७५ अश्वशक्तीच्या आसपास होती. रस्त्यावरची ही गाडी २१५ अश्वशक्तीची झाली. विक्रीच्या गाडीने शर्यतीच्या गाडीला मागे टाकावे, असे क्वचितच घडते.

मात्र पंप मोजत होता, विचार करत नव्हता. चावी बंद केल्यावर इंजिन पूर्ण थांबेपर्यंत तो पेट्रोल ढकलतच राही. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली तेलात मिसळे. त्यामुळे तेल वरचेवर बदलावे लागे. शिवाय असा पंप म्हणजे घड्याळजीच्या कामाइतका बारीक आणि महाग. तो श्रीमंतांच्या गाडीतच राहिला.

अननसाचा सुगंध आणि शहराचा धूर

याच सुमारास लॉस एंजेलिसवर तपकिरी धुके उतरू लागले होते. लोकांचे डोळे चुरचुरत, पिकांची पाने करपत. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आरी हागेन-स्मिट हे डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या सुगंधाचे घटक वेगळे करण्यात गुंतले होते. त्यांनी तीच हातोटी शहराच्या हवेला लावली. मोटारींतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून येणारे न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र आली की ओझोन आणि इतर दाहक द्रव्ये तयार होतात, हे त्यांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. मोटार कंपन्यांना ते मान्य करायला बराच काळ लागला.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा पहिला प्रयत्न अमेरिकेतच झाला होता, आणि तो वेगासाठी होता. बेंडिक्स कंपनीने इलेक्ट्रोजेक्टर नावाची प्रणाली बनवली. क्रायस्लरने १९५८ मध्ये ३०० डी या ताकदवान गाडीसह काही मॉडेलांवर ती दिली. बॉनेटखालची उष्णता, ओल आणि हादरे त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांना सोसेनात. विकलेल्या गाड्या जेमतेम ३५, आणि त्यांतल्या बहुतेकांना कंपनीने पुन्हा कार्बोरेटर बसवून दिले. बेंडिक्सच्या पेटंटांचा परवाना पुढे बॉशने घेतला.

वेगासाठी जे टिकले नाही ते धुरासाठी टिकवावे लागले. १९६८ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत धुराची मर्यादा लागू होणार होती आणि फोक्सवॅगनचे तिथले गिऱ्हाईक मोठे होते. १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक प्रणाली अमेरिकेला जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० वर आली. तीसेक ट्रान्झिस्टर असलेला एक डबा आत जाणाऱ्या हवेचा दाब, इंजिनाचा वेग आणि तापमान यांच्या विद्युत खुणा घेई आणि विद्युतचुंबकाने उघडणारा इंजेक्टर किती सहस्रांश सेकंद उघडा ठेवायचा ते ठरवी. अवघ्या दोन वर्षांत हीच प्रणाली पोर्शे ९१४ या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये गेली.

१९७० च्या अमेरिकन स्वच्छ हवा कायद्याने खरा घाव घातला. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन १९७५ पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करा, असा तो आदेश होता. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, पण दिशा बदलली नाही. कंपन्यांनी घाईघाईने दाबप्रमाण उतरवले, ठिणगी मागे घेतली, धुराड्यात उत्प्रेरक बसवले. लेखाच्या सुरुवातीची १६५ अश्वशक्तीची कॉर्व्हेट हे त्या घाईचे अपत्य. जुन्या यांत्रिक साधनांनी नवा कायदा पाळायचा तर ताकदीचा बळी देण्यावाचून मार्ग नव्हता.

मार्ग निघाला तो एका चिनीमातीच्या नळीतून. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिघांचाही एकदम निकाल लावणारा उत्प्रेरक शक्य होता, पण एकाच अटीवर. मिश्रण सतत १४.७ च्या अगदी जवळ राहिले पाहिजे. कोणताही कार्बोरेटर हे करू शकत नव्हता. स्पार्क प्लगच्या चिनीमातीचा दांडगा अनुभव असलेल्या बॉशने झिर्कोनियम डायऑक्साइडचा एक सेन्सर तयार केला. तो धुराड्यात बसे आणि जळलेल्या वायूत ऑक्सिजन उरला आहे की नाही ते विजेच्या दाबातल्या झेपेने सांगे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियासाठीच्या व्होल्वो गाड्यांवर हा लॅम्डा सेन्सर पहिल्यांदा आला.

या घटनेचे महत्त्व केवळ स्वच्छतेपुरते नाही. आजवर इंजिनाला पेट्रोल देणारे साधन अंदाजाने देत होते आणि परिणाम काय झाला हे त्याला कळत नव्हते. आता धुराडे बोलू लागले आणि नियंत्रक ऐकू लागला. जास्त झाले तर कमी कर, कमी झाले तर वाढव, सेकंदाला अनेकदा. मेकॅनिक प्लगचा रंग पाहून महिन्यातून एकदा जे ठरवी, ते इंजिन चालता चालता स्वतः ठरवू लागले.

मर्यादेच्या काठावर

स्पोर्ट्स कारच्या अभियंत्यांनी या संधीचा फायदा कसा घेतला हे टर्बोच्या गोष्टीत दिसते. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोराने एक चक्री फिरवायची आणि तिच्याने जास्त हवा आत कोंबायची, ही टर्बोची कल्पना. १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात पोर्शेने तीन लिटरची, २६० अश्वशक्तीची ९११ टर्बो मांडली. तिची कीर्ती जेवढी वेगाची तेवढीच भीतीची. पाय दाबल्यावर काही क्षण काहीच होत नसे आणि मग सारी ताकद एकदम येई. ती वळणाच्या मध्यात आली तर मागचा भाग फिरलाच म्हणून समजा.

टर्बोचा दुसरा शत्रू नॉकिंग. कोंबलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता स्वतःच भडकते आणि दट्ट्यावर हातोडा बसल्यासारखा आवाज होतो. फार वेळ चालले तर दट्ट्याला भोक पडते. म्हणून निर्माते सर्वांत वाईट पेट्रोल आणि सर्वांत उष्ण दिवस गृहीत धरून इंजिन लावत. स्वीडनच्या साब कंपनीत पेर गिलब्रांड यांच्या चमूने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी इंजिनावर एक सेन्सर चिकटवला. नॉकिंगची पहिली थरथर जाणवताच तो टर्बोचा दाब उतरवी. इंजिन नेहमी काठावर चालवायचे आणि तोल जातो असे दिसताच एक पाऊल मागे यायचे. खबरदारीत अडकलेली ताकद अशी मोकळी झाली.

तोवर सूक्ष्म संगणकही मोटारीत आला होता. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२ आय या गाडीवर बॉशच्या मोट्रॉनिक प्रणालीने पेट्रोल आणि ठिणगी ही दोन्ही खाती एकाच अंकीय नियंत्रकाकडे दिली. वेग आणि भार यांच्या प्रत्येक जोडीसाठी ठिणगीची योग्य वेळ तक्त्यात साठवलेली असे. डिस्ट्रिब्यूटरच्या स्प्रिंगांनी काढलेली सरळसोट रेघ जाऊन तिथे डोंगरदऱ्यांचा नकाशा आला. १९८४ च्या मॉडेलपासून पोर्शे ९११ करेरावरही तो आला.

या तंत्राची सर्वांत कठोर परीक्षा फॉर्म्युला वनमध्ये झाली. म्यूनिकच्या पाउल रोशे यांनी बीएमडब्ल्यूच्या साध्या प्रवासी मोटारीच्या चार सिलिंडरच्या ठोकळ्यावरून दीड लिटरचे टर्बो इंजिन उभे केले. अंकीय नियंत्रणाच्या आधारे १९८३ मध्ये नेल्सन पिके यांनी त्यावर विश्वविजेतेपद मिळवले. टर्बो इंजिनाचे हे पहिलेच चालक विजेतेपद. पुढच्या वर्षी नियम आला की शर्यतीत मध्येच पेट्रोल भरता येणार नाही आणि एकूण २२० लिटरच मिळेल. १९८६ मध्ये ते १९५ लिटर झाले. सुमारे तीनशे किलोमीटरच्या शर्यतीला हे म्हणजे लिटरला दीड किलोमीटर. आपल्याला ते उधळपट्टीचे वाटेल, पण हजार अश्वशक्तीच्या आसपास घुटमळणाऱ्या इंजिनाला ती उपासमार होती. पुन्हा एकदा मर्यादेनेच अभियंत्यांना कामाला लावले. हान्स मेझगर यांनी मॅकलारेनसाठी रचलेल्या टॅग-पोर्शे इंजिनाने बॉशच्या मोट्रॉनिकच्या साथीने १९८४, १९८५ आणि १९८६ अशी सलग तीन वर्षे चालकांचे विजेतेपद जिंकले. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारा संगणक त्या यशाचा मोठा भागीदार होता.

पण त्याच १९८६ च्या मोसमात हिशेबाची दुसरी बाजूही दिसली. जर्मनीच्या हॉकेनहाइममध्ये ॲलन प्रोस्ट यांचे पेट्रोल शेवटच्या फेरीत संपले आणि ते उतरून गाडी ढकलू लागले. ऑक्टोबरमध्ये ॲडलेडच्या अखेरच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेल यांचा टायर फुटला आणि प्रोस्ट पुढे आले. त्यांच्या समोरचा आकडा सांगत होता की पेट्रोल पुरणार नाही. हळू जावे तर विजेतेपद जाणार, जोरात जावे तर गाडी बंद पडणार. त्यांनी आकड्याकडे दुर्लक्ष केले, शर्यत जिंकली आणि रेषा ओलांडताच गाडी थांबवून उडी मारली. आकडा चुकला होता. मानवी अंतःप्रेरणा यंत्राहून श्रेष्ठ असते असा निष्कर्ष यातून काढायचा मोह होतो, पण हॉकेनहाइम तो काढू देत नाही. यंत्राने दिलेला आकडा केव्हा मानायचा आणि केव्हा नाही, हे अजून चालकाच्या हातात होते, एवढेच खरे.

पाय आणि इंजिन यांच्यामधला कारकून

ते फार काळ त्याच्या हातात राहिले नाही. होंडाने १९८९ मध्ये इंटेग्रा गाडीवर व्हीटेक तंत्र आणले. एकाच दांड्यावर झडपांसाठी दोन प्रकारचे उंचवटे, एक शहरातल्या संथ चालीचा, दुसरा शर्यतीचा. केव्हा कुठला वापरायचा हे संगणक ठरवून तेलाच्या दाबाने खीळ सरकवी. टर्बोशिवाय १.६ लिटरमधून १६० अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे शंभर, आणि तीही रोज कामावर नेण्याच्या गाडीत. एकाच इंजिनात दोन स्वभाव नांदू लागले.

त्याच काळात बीएमडब्ल्यूने आपल्या मोठ्या गाड्यांत ॲक्सिलरेटरची तार काढून टाकली. तोवर पाय दाबला की तार ओढली जाई आणि हवेची झडप उघडे. आता पायाखाली केवळ एक सेन्सर उरला. पाय अर्ज करतो, संगणक तो वाचतो आणि झडप किती उघडायची याचा निर्णय देतो. चाक घसरते आहे असे दिसले तर अर्ज नामंजूर. १९९५ मध्ये मर्सिडीजने बॉशबरोबर आणलेल्या स्थैर्य नियंत्रणाने तर एकेका चाकाचा ब्रेक स्वतःहून लावायला सुरुवात केली. पहिल्या ९११ टर्बोने ज्यांना वळणावर फेकले असते, अशा कित्येकांना या कारकुनाने वाचवले आहे. सहाशे-सातशे अश्वशक्तीची गाडी आज साधा परवानाधारक पावसात घरी आणू शकतो, हे त्याचेच काम.

याला विरोधही झाला, आणि तो अडाण्यांकडून झाला नाही. गॉर्डन मरे यांनी रचलेल्या मॅकलारेन एफ-वन या रस्त्यावरच्या गाडीत पाउल रोशे यांचेच ६.१ लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन होते, ६२७ अश्वशक्तीचे. १९९८ मध्ये ती ताशी ३८६ किलोमीटरवर पोहोचली. तिच्यात एबीएस नव्हते, घसरण नियंत्रण नव्हते. चालक आणि रस्ता यांच्यामध्ये कुणी नको, हा मरे यांचा आग्रह. तरी त्या इंजिनाचा नियंत्रक संगणकच होता. परिणामी कोट्यवधींच्या या गाडीची तपासणी करायला मॅकलारेनला नव्वदच्या दशकातले जुने कॉम्पॅक लॅपटॉप जपून ठेवावे लागले. संगणकाशी कमीत कमी नाते ठेवू पाहणारी गाडीसुद्धा अखेर एका जुनाट संगणकाची ओलीस झाली.

न दिसणारा भाग

धातूचा भाग हातात घेऊन मोजता येतो. दट्ट्याचा व्यास, टाकीची क्षमता, गाडीचे वजन हे तपासनीस पाहू शकतो. संगणकाच्या आज्ञावलीचे तसे नाही. फॉर्म्युला वनने १९९४ पासून घसरण नियंत्रणासारख्या चालकाच्या मदतनीसांवर बंदी घातली. त्याच मोसमात बेनेटन संघाच्या आज्ञावलीत तपासनिसांना सुरुवातीची झेप आपोआप साधणारी सोय सापडली. यादीच्या दिसणाऱ्या भागाच्या खाली, तेराव्या पर्यायात. ही चाचण्यांतली उरलेली गोष्ट आहे, असे संघाने सांगितले. शर्यतीत ती वापरल्याचा पुरावा मिळाला नाही. पुढे २००१ मध्ये घसरण नियंत्रणाला पुन्हा परवानगी द्यावी लागली, कारण कोण लपवून वापरतो हे पकडणेच अशक्य झाले होते. २००८ मध्ये सर्व संघांना एकाच बनावटीचा नियंत्रक सक्तीचा केल्यावरच ती बंदी परत आली. जो वाचता येत नाही त्याच्यावर नियम लादता येत नाही, हे खेळाने आधी शिकून घेतले.

रस्त्यावरच्या जगाने ते उशिरा आणि महागात शिकले. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी, ज्यांत भारतातून शिकायला गेलेले तरुण अभियंतेही होते, डिझेल फोक्सवॅगन गाड्यांच्या मागे धूर मोजण्याची फिरती यंत्रे लावून त्या रस्त्यावर चालवल्या. प्रयोगशाळेत स्वच्छ ठरलेल्या गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीवर नोटीस बजावली. आज्ञावली स्टिअरिंगची हालचाल, वेग आणि वेळ पाहून चाचणी चालू आहे हे ओळखत होती आणि तेवढ्यापुरती सभ्य वागत होती. अशा गाड्या जगभर सुमारे १ कोटी १० लाख होत्या. धुराच्या कायद्याने ज्या संगणकाला मोटारीत आणले, त्याच संगणकाकडून धुराच्या कायद्याला फसवण्यात आले. या इतिहासातला हा सर्वांत कडू टप्पा आहे.

आपल्या दारात

हीच साखळी आपल्याकडे उशिरा, पण त्याच क्रमाने आली. शिशाने उत्प्रेरक आणि लॅम्डा सेन्सर दोन्ही निकामी होतात, म्हणून आधी शिसेमुक्त पेट्रोल हवे. ते १९९५ मध्ये चार महानगरांत आणि २००० पर्यंत देशभर आले. पाठोपाठ भारत स्टेजचे नियम कडक झाले आणि नव्या मोटारींतून कार्बोरेटर नाहीसा झाला. दुचाकीत तो आणखी वीस वर्षे टिकला. पुण्याजवळच्या चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार झालेली केटीएम ड्यूक २०० ही मोटारसायकल २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन घेऊन आली, तेव्हा ती तरुणांची चैन होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले आणि नव्या मोपेडपर्यंत सर्वांना तेच तंत्र घ्यावे लागले. शर्यतीच्या ट्रॅकवरचे ज्ञान दूधवाल्याच्या गाडीत पोहोचले, ते पुन्हा धुराच्या कायद्याच्या हाताने.

त्याबरोबर एक कसबही मोडीत निघाले. चोक ओढून, कान लावून, स्क्रू पाव वळसा फिरवून गाडी सुरात आणणारा मेकॅनिक आता स्कॅनर लावून दोषांक वाचतो. आणि तो स्कॅनर कुठपर्यंत आत जाऊ शकेल हे कंपनी ठरवते. जुन्या कारागिराचे ज्ञान गल्लीत राहत होते, उस्तादाकडून शागिर्दाला मिळत होते. नवे ज्ञान सीलबंद डब्यात आहे आणि त्याची किल्ली दूर कुठेतरी आहे. हवा स्वच्छ झाली, अपघात टळले, ताकद वाढली, हे सगळे खरे. पण आपल्या मालकीच्या यंत्रावरचा आपला अधिकार या व्यवहारात किती उरला, हा प्रश्न आता आपल्याही घरचा आहे.

पेट्रोल इंजिनाचे दिवस कदाचित मोजके असतील. क्रोएशियातल्या रिमॅक कंपनीच्या नेव्हेरा या विजेवरच्या गाडीत चार मोटारींची मिळून १९१४ अश्वशक्ती आहे. तिच्यात हवा-पेट्रोलचे प्रमाण नाही, ठिणगी नाही, नॉकिंग नाही, धूर नाही. ज्या कामांसाठी नियंत्रकाला आणले होते ती सारी संपली. तरी तो तिथे आहे आणि पूर्वीपेक्षा मोठा आहे, कारण कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा हे सेकंदाच्या बारीकशा भागात ठरवल्याशिवाय ती गाडी सरळ जाणार नाही. अनेक दशके इंजिनाची चाकरी करणारा आता घराचा कारभारी झाला आहे. त्याचे हिशेब तपासण्याचा हक्क गाडीच्या मालकाला, गल्लीतल्या मेकॅनिकला आणि कायद्याला असला पाहिजे, एवढे आपण आतापर्यंतच्या इतिहासातून शिकायला हरकत नाही.